शनिवारी बाराच्या आत ब्रॉडबँड

नव्या घराच्या किल्ल्या हातात आल्या त्या दिवशी मी ओट्यावर वही उघडली आणि पहिल्या ओळीत लिहिलं: इंटरनेट. गॅसचं रीडिंग, पडदे, कौन्सिलला पत्ता कळवणं हे सगळं त्याच्या खाली.

नवरा वाकून वाचत म्हणाला, "अगं, आधी नळाला गरम पाणी येतंय का ते बघ."

"गरम पाण्यावाचून दोन दिवस निघतील," मी म्हटलं, "आईंचा शनिवार निघणार नाही."

माझ्या सासूबाईंनी साताऱ्यात चौतीस वर्षं शाळेत भूमिती शिकवली. निवृत्त झाल्यावरही दर शनिवारी संध्याकाळी दहावीच्या मुली त्यांच्या ओसरीवर बसत. फी नाही. वेळेवर यायचं आणि कंपास स्वतःची आणायची, एवढ्याच अटी. या वर्षी पाचजणी होत्या. दिवाळीत सासूबाई अंगणात घसरल्या, डावा हात प्लास्टरमध्ये गेला. त्या एकट्याच राहतात, म्हणून नवरा जाऊन त्यांना सहा महिन्यांसाठी इंग्लंडात आमच्याकडे, मिल्टन कीन्सला घेऊन आला. येताना त्यांनी मुलींना शब्द दिला होता: हात मोकळा झाला की वर्तुळाचं प्रकरण मी फोनवरून पुरं करते, तोवर समरूपतेची गणितं सोडवत राहा.

नाताळच्या सुमारास प्लास्टर निघालं, जानेवारीत आम्ही भाड्याच्या फ्लॅटमधून या घरात आलो, आणि पहिल्याच शनिवारी सासूबाईंनी मोबाईलवरून वर्ग घेऊन पाहिला. आमची वस्ती इतकी नवी की रस्त्याच्या कडेची झाडं अजून काठ्यांना बांधलेली. मोबाईलची रेंज फक्त वरच्या मागच्या खोलीत, तीही खिडकीला नाक लावून उभं राहिलं तर. सासूबाई खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून वर्तुळ काढत होत्या आणि तिकडे मुलींना त्यांचा अंगठा तेवढा दिसत होता, तोही गोठलेला. वीस मिनिटं "बाई, आवाज येत नाहीये" ऐकून त्यांनी फोन ठेवला.

संध्याकाळी एका मुलीच्या आईचा मेसेज आला. अगदी आदराने लिहिलेला. बाई, तुम्ही तब्येत सांभाळा. पण परीक्षा मार्चमध्ये आहे. पुढच्या शनिवारीही जमलं नाही तर पाचही मुलींना चौकातल्या क्लासला घालावं म्हणतो, राग मानू नये.

सासूबाईंनी तो दोनदा वाचला. "बरोबरच आहे तिचं," असं म्हणून त्यांनी कंपासपेटी बॅगेत, थेट साड्यांच्या खाली ठेवली.

मी त्याच दिवशी कामाला लागले. हॉस्पिटलात मी ऑपरेशनच्या तारखा लावते. सर्जन, भूलतज्ज्ञ, खोली आणि पेशंट या चौघांना एका वेळी एका जागी आणायचं हेच माझं रोजचं काम, तेव्हा एक कॉम्प्युटर, एक वायर आणि एक सासूबाई जमवणं अवघड जाऊ नये असं मला वाटत होतं. शिवाय खरं सांगायचं तर मला मजा येत होती. मंगळवारी मी घरून काम करते आणि गेली तीन वर्षं ते स्वयंपाकघराच्या टेबलावर, हॉस्पिटलच्या टीचभर लॅपटॉपवर चाललं होतं. मोठ्या पडद्याचा, स्वतःचा, टेबलावर ऐटीत बसणारा कॉम्प्युटर घ्यायचं कित्येक दिवस मनात होतं. आता सबळ कारण मिळालं.

रविवारी ब्रॉडबँडची ऑर्डर दिली, शनिवारच्या आतली तारीख मिळेपर्यंत फोन सोडला नाही. बुधवारी इंजिनीयर आला आणि जिन्याखालच्या कपाटात भिंतीवर एक पांढरी डबी बसवून गेला. बाहेरून येणारी फायबर त्या डबीपर्यंत. तिथून पुढे राउटर आपला आपण जोडायचा. राउटर गुरुवारी पोस्टाने आला. त्याच दुपारी कॉम्प्युटर आला, आणि त्याच्याबरोबर एक लांब मानेचा कॅमेरा. मान वाकवली की तो थेट टेबलावरच्या कागदाकडे बघतो. हा कॅमेरा म्हणजे माझी स्वतःची कल्पना. सासूबाईंचा चेहरा मुलींनी कशाला बघायचा, त्यांना हात दिसला पाहिजे.

कंपनीचा ईमेल होता: तुमचं कनेक्शन शुक्रवारी सुरू होईल. शुक्रवारी नवरा कामासाठी ब्रिस्टलला गेला, तो रविवारी परतणार होता. जाताना म्हणाला, "मी येईपर्यंत थांबतेस का?"

"शनिवार तुझ्यासाठी थांबणार आहे का?"

"नाही, म्हणजे, तू एकटी..."

"एकटी कुठे? आई आहेत. निघ तू."

शनिवारी सकाळी नऊला मी वहीत अकरा कामं लिहिली, प्रत्येकापुढे वेळ घातली. साताऱ्याची साडेपाच म्हणजे आमचे दुपारचे बारा. माझ्या हिशेबाने साडेदहाला सगळं जोडून तयार आणि दीड तास हाताशी राखीव.

खोकी उघडताना मला शाळेची नवी पुस्तकं आल्यासारखं झालं. थर्माकोलचा तो कुरकुर आवाज, पडद्यावरचं पातळ प्लास्टिक एका ओढीत सोलणं, वेटोळी घातलेल्या वायरींना बांधलेले छोटे पट्टे. सासूबाई खुर्चीत बसून बघत होत्या. प्रत्येक वस्तू बाहेर आली की विचारत, "हे काय?" आणि मी सांगितलं की मान डोलवत. राउटर बाहेर काढला तेव्हा त्यांनी तो हातात घेऊन फिरवून पाहिला.

"इंटरनेट यातून येणार?"

"हो."

"मग आधी पूजा नको का करायला?"

पूजा माझ्या अकरा कामांत नव्हती. पण गाडी घेतली तेव्हा चाकाखाली लिंबू ठेवलं होतं, वॉशिंग मशीनलाही कुंकू लावलं होतं. घरात यंत्र आलं की ते सुरू करण्यापूर्वी त्याला हात जोडायचे, हे मी माहेरीही बघितलेलं. मी वहीत तिसऱ्या आणि चौथ्या कामाच्या मध्ये "पूजा, पाच मिनिटं" असं घुसवलं.

कॉम्प्युटरच्या रिकाम्या खोक्यावर इस्त्रीचा नॅपकिन अंथरला. त्यावर माऊस, कीबोर्ड, कॅमेरा आणि राउटर मांडले. राउटर उभा राहीना, म्हणून मी त्याला पालथा घातला, मागची खोबणं वर करून. वाटीत मूठभर बासमती घेऊन कुंकवाच्या पाण्यात भिजवला. सासूबाईंनी अनामिकेने प्रत्येक वस्तूला एक एक ठिपका लावला, अगदी नीट, जसे त्या बिंदू काढतात तसे. मग म्हणाल्या, "अक्षता तू वाहा, घरची लक्ष्मी तू." मी घड्याळाकडे बघत होते. पाचाची सहा मिनिटं झाली होती. मी वाटीतल्या अक्षता ओंजळीत घेतल्या आणि सगळ्यांवर एकदम उधळल्या. गूळ तोंडात टाकला, नॅपकिन झटकला आणि पुढच्या कामाला लागले.

साडेदहा वाजता सगळं जोडून झालं होतं. भिंतीवरच्या डबीपासून राउटरपर्यंत वायर, बरोबरची खूण. राउटरला वीज, बरोबरची खूण. दिवा लागला. पत्रकात लिहिलं होतं की नारिंगी दिवा लुकलुकेल आणि पाच मिनिटांत पांढरा होऊन स्थिर होईल. सासूबाई आणि मी जिन्याखालच्या कपाटासमोर स्टूल टाकून बसलो. पाच मिनिटं झाली. दहा झाली. मी चहा करून आणला. नारिंगीच.

पावणेअकराला मी राउटर बंद करून परत चालू केला. अकराला पुन्हा. सव्वाअकराला माझा राखीव दीड तास निम्मा संपलेला होता आणि मी कंपनीला मनातल्या मनात पत्र लिहायला सुरुवात केली होती. एकदाही माझ्या मनात आलं नाही की चूक आपली असेल. माझ्या वहीत सगळ्या खुणा बरोबरच्या होत्या.

"फोन कर त्यांना," सासूबाई म्हणाल्या.

फोन करायचा तर रेंज वरच्या मागच्या खोलीत. राउटर खाली जिन्यापाशी. मी खिडकीला चिकटून हेल्पलाइन लावली, पंचवीस मिनिटं बासरीसारखं काहीतरी ऐकलं, आणि मग एक बाई बोलायला लागली. कार्डिफहून बोलतेय म्हणाली. आवाज असा की जणू माझी वाटच बघत होती.

"सांग मला, लव्ह, दिव्याचा रंग कोणता?" इथे अनोळखी माणसालाही मायेने 'लव्ह' म्हणतात.

मी फोन कानापासून लांब धरून ओरडले, "आई! दिवा कोणत्या रंगाचा आहे?"

खालून आवाज आला, "नारिंगी!"

"अजून लुकलुकतोय का?"

"लुकलुकतोय! पण सारखा नाही! दोनदा पटापट, मग थांबतो, मग परत दोनदा!"

हे मी कार्डिफला सांगितलं. ती खूश झाली. "तुझ्याबरोबर कोण आहे? फार बारकाईने बघतेय ती."

"माझ्या सासूबाई. भूमितीच्या शिक्षिका आहेत. बारा वाजता त्यांचा वर्ग आहे, भारतातल्या पाच मुली वाट बघतायत आणि आज जमलं नाही तर त्या दुसरीकडे जाणार आहेत." हे सगळं मी एका दमात बोलले. परक्या बाईला कशाला सांगितलं कोण जाणे.

"बारा? म्हणजे आता सोळा मिनिटं आहेत." तिचा आवाजही झरझर चालायला लागला. "दोनदा लुकलुकतोय म्हणजे राउटर ठीक आहे, त्याला भिंतीकडून काही मिळत नाहीये. आमच्या बाजूने लाइन चालू दिसतेय. वायर बसवताना टक् असा आवाज आला होता?"

"वायर मी स्वतः लावलीय," मी म्हटलं. वहीही दाखवली असती.

"हो, लव्ह. पण टक् झालं होतं का?"

मला आठवेना. मी लावली होती, खूण केली होती, पण ऐकलं नव्हतं.

"आई! वायर ओढून बघा, निघते का?"

"कुठली?"

"पिवळ्या टोकाची!"

"अगं, ही तर ओढायच्या आधीच हातात आली!"

"परत घाला! जोरात!"

"घालतेय! पूर्ण जात नाही! शेवटी अडतंय काहीतरी!" मग चष्मा शोधल्याची खडबड. मग एकदम सासूबाईंचा वर्गातला आवाज, जो मी तोवर कधी ऐकला नव्हता: "आत तांदूळ आहे!"

मी खिडकीपाशी डोळे मिटून उभी राहिले. ओंजळभर अक्षता, पालथा राउटर, वर तोंड करून बसलेली त्याची खोबणं. वर मीच नॅपकिन झटकला होता. राउटर उलटा करून झटकायचं मात्र सुचलं नव्हतं.

कार्डिफ विचारत होती, "काय म्हणाल्या त्या?"

"आत तांदळाचा दाणा आहे."

"शिजवलेला की कच्चा?"

"कच्चा. लाल."

"कच्चा असेल तर उत्तम," ती गंभीरपणे म्हणाली. "शिजवलेला असता तर मला नवा राउटर पाठवावा लागला असता. विजेचा प्लग काढायला सांग आणि मग दाणा बाहेर काढा. लाल का आहे ते मात्र नंतर मला सांगायचं."

मी ओरडून सांगायच्या आत खालून प्रश्न आला, "वीज बंद करू ना आधी?" मी हो म्हटलं आणि मग मला जिन्यावर पावलं ऐकू आली. सासूबाई वर येत होत्या, आपल्या खोलीकडे. बॅगेची चेन, साड्या उपसल्याचा आवाज, आणि हातात कंपासपेटी घेऊन त्या माझ्यासमोरून परत खाली गेल्या. मी फोन खिडकीत स्पीकरवर ठेवला आणि त्यांच्या मागे धावले.

त्यांनी राउटर मांडीवर घेतला, खिडकीच्या उजेडाकडे तिरपा केला, आणि कर्कटकाचं टोक त्या खोबणात घातलं. मी मोबाईलचा टॉर्च लावायला खिसा चाचपला, तर मोबाईल वर. सासूबाईंना उजेडाची गरजही पडली नाही. डाव्या हाताचं मनगट अजून नीट वळत नव्हतं, पण उजवा हात जरासुद्धा हलला नाही. टोकाने दाणा टोचला, किंचित फिरवला, बाहेर ओढला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

"बघ. बासमती. लांबच्या लांब जाऊन आडवा बसला. साताऱ्याचा आंबेमोहोर असता तर आपला आपण पडला असता."

"माझी चूक, आई. मी ओंजळभर टाकल्या."

"चार दाणे पुरतात," त्या म्हणाल्या. "वायर घाल आता. ऐकू दे मला."

मी वायर घातली. टक्. दोघींनी ऐकलं. प्लग लावला. नारिंगी. नारिंगी. सासूबाई मोठ्याने मोजत होत्या, मी मोजू नये म्हणून ओठ चावत होते. त्यांच्या एकशे अडतिसाव्या आकड्याला दिवा पांढरा झाला आणि तसाच राहिला.

मी जिन्यावरून दोन दोन पायऱ्या चढत वर गेले आणि फोनवर म्हटलं, "पांढरा झाला! पांढरा!" फोनमधून कार्डिफही ओरडली, आणि तिच्या मागे आणखी कुणीतरी टाळ्या वाजवल्या. "पळ, पळ, तुझे बारा वाजले!" ती म्हणाली. लाल रंगाचं मी तिला कधीच सांगू शकले नाही. ते माझ्याकडून राहिलं.

बारा खरंच वाजून गेले होते. त्याच खिडकीतून मी मुलींच्या ग्रुपवर लिहिलं: दहा मिनिटं, बाई येतायत. मेसेज गेला, कुणी वाचल्याची खूण काही दिसेना. खाली आले तर कॉम्प्युटर पासवर्ड मागत बसलेला. तो राउटरच्या बुडाशी चिकटवलेल्या पट्टीवर, मुंगीएवढ्या अक्षरांत. सासूबाई वाचत, मी टाईप करत.

"छोटा के. मोठा के. चार. हे शून्य आहे की ओ?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"उभट आहे. लंबवर्तुळ. म्हणजे शून्य."

शून्यच होतं. कॉम्प्युटर आत गेला आणि लगेच म्हणाला की मला नवं काहीतरी उतरवून घ्यायचंय, वीस मिनिटं लागतील. मी त्याला "नंतर" असं इतक्या जोरात दाबून सांगितलं की कीबोर्ड सरकला. बारा वाजून चौदा मिनिटांनी आम्ही वर्ग उघडला.

पडदा काळा. मग एक खोली उजळली आणि मोठ्या पडद्यावर पाच डोकी एकदम दिसली. पाचही मुली एकाच घरी, एकाच सतरंजीवर, फोन कशाला तरी टेकवून बसल्या होत्या. आमच्या खोलीत त्या इतक्या लख्ख आणि मोठ्या आल्या की सासूबाई खुर्चीत मागे सरल्या. मागे दारात मेसेज पाठवणारी आई उभी होती, खांद्याला पर्स. निघण्याच्या बेतात.

"बाई!" पाचजणी एका सुरात.

"बाई, दिसताय तुम्ही!"

"बाई, हात बरा झाला?"

"बाई, तिकडे दिवस आहे का?"

"इकडे बारा वाजलेत," सासूबाई म्हणाल्या. "चौदा मिनिटं उशीर झाला, तो माझा. तुमचा वेळ मी शेवटी भरून देणार. वह्या उघडा."

मी कॅमेऱ्याची मान वाकवली. पडद्याच्या कोपऱ्यात पांढरा कागद आला, त्यावर सासूबाईंचा हात, त्या हातात पेन्सिल लावलेला कंपास. टोक कागदावर टेकलं आणि एक पूर्ण वर्तुळ फिरलं. तिकडे एक मुलगी "अय्या, किती स्वच्छ!" असं म्हणाली आणि मला असा आनंद झाला जणू वर्तुळ मी काढलंय.

"केंद्र क. त्रिज्या क प. आता प मधून क प ला लंब अशी मी एक रेषा काढते. ती वर्तुळाला किती ठिकाणी भेटते?"

"एका!"

"मग तिला काय म्हणायचं? तू सांग. नाही, तू नाही, तुझ्या शेजारची. तू गेल्या खेपेलाही दुसऱ्यांची उत्तरं दिली होतीस."

मुली खिदळल्या. मी अजून खुर्चीमागे उभी होते. सासूबाई मान न वळवता मला म्हणाल्या, "तू बाहेर जा. वर्ग चालू आहे."

मी बाहेर जाऊन जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसले. तिथून पडदा अर्धाच दिसत होता, पण ऐकू सगळं येत होतं. त्यांनी एका मुलीला खोडरबर वापरल्याबद्दल झापलं. एकीला तीनदा प्रश्न विचारला आणि तिसऱ्यांदा तिने उत्तर दिल्यावर नुसतं "हं" म्हटलं. त्या "हं"वर ती मुलगी सतरंजीवरून उडालीच असावी, असा आवाज आला. एकदाही चित्र अडकलं नाही. मधूनच मी वाकून त्या आईकडे बघत होते. आधी ती दारात होती. मग दाराच्या आत. मग पर्स खाली ठेवून मुलींच्या मागे मांडी घालून बसलेली, स्वतःही हातात पेन घेऊन.

सव्वाला वर्ग संपला तेव्हा तीच पुढे सरकली.

"बाई, तो क्लासचा फॉर्म मी आज भरणार होते. आता नाही भरत. पण एकच विचारू? परीक्षा जवळ आलीय, तर मंगळवारीही घ्याल का?"

मी पायरीवरून हात हलवले. मंगळवारी माझं घरून काम. त्याच टेबलावर, त्याच पडद्यावर. आठ महिने ज्याची स्वप्नं बघितली तो पडदा.

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मला पूर्ण दिसल्या त्या, आणि माझे हातही त्यांना पूर्ण दिसले. मग त्या पडद्याकडे वळल्या.

"मंगळवार नक्की," त्या म्हणाल्या. "साडेपाच. आजचं प्रमेय पाठ करून यायचं नाही, समजून यायचं. ठेवते."

कुठलं बटण दाबायचं ते मी दाखवायच्या आधीच त्यांनी दाबलं.

"आई, मंगळवारी मला..."

"तू बाराला जेवायला उठतेसच की," त्या म्हणाल्या. "तेव्हा मी बसेन. एकला तू परत बस. आणि सव्वा झाला तर थोडी चालून ये, सारखं बसणं बरं नाही."

हॉस्पिटलात एका खोलीत दोन सर्जन बसवायचे झाले तर मी अगदी हेच करते. मी वही उघडून मंगळवार लिहायला घेतला, आणि तोवर त्या कॅमेऱ्याची मान इकडेतिकडे वाकवत विचारत होत्या, "यातून फळ्यासारखं उभं लिहिलेलं दिसेल का गं? भिंतीवर मोठा कागद लावला तर?"

"दिसेल," मी म्हटलं. "थांबा, टेप आणते."